स्वेतलाना: या रशियन नावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात रशियन शिकवते. पहिल्या आठवड्यात विद्यार्थी आपापल्यासाठी एकेक रशियन नाव निवडतात. दर वर्गात एखादी श्वेता नाहीतर ज्योती असतेच, आणि ती हटकून विचारते, "मॅडम, मी स्वेतलाना होऊ?" हो म्हटलं की प्रश्नांची रांग लागते. दरवर्षी तेच प्रश्न, म्हणून या वेळी उत्तरं लिहूनच काढली.

स्वेतलाना म्हणजे काय?

रशियनमध्ये 'स्वेत' म्हणजे उजेड आणि 'स्वेतली' म्हणजे उजळ, लख्ख. हे नाव त्यावरूनच घडवलेलं आहे. मराठीत अर्थ सांगायचा तर प्रभा, ज्योती, उज्ज्वला यांच्या पंगतीत ते बसेल.

'स्वेत' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे: जग. आपल्याकडे 'आलोक' आणि 'लोक' शेजारी शेजारी नांदतात, तसंच काहीसं. रशियन माणूस 'सगळ्या पांढऱ्या उजेडात' म्हणतो तेव्हा त्याला 'अख्ख्या दुनियेत' असं म्हणायचं असतं.

आणि हो, वीज गेली की तोही आपल्यासारखाच 'लाईट गेली' म्हणतो. 'स्वेता न्येत', म्हणजे उजेड नाही. आता गंमत अशी की स्वेतलानाला घरात 'स्वेता'च म्हणतात. त्यामुळे नवशिक्याला वाटतं, स्वेताबाई घरी नाहीत. बाई खरंच घरी नसतील तर 'स्वेती न्येत' म्हणावं लागतं, कारण नकार आला की नाव षष्ठीत जातं. विभक्तीचे तक्ते पाठ करून जे डोक्यात शिरत नाही, ते या एका गोंधळाने कायमचं शिरतं.

आपल्या 'श्वेता'शी याचं नातं आहे का?

आहे, पण चुलत. संस्कृत 'श्वेत' आणि रशियन 'स्वेत' हे दोन्ही शब्द एकाच आदिम इंडो-युरोपीय मुळातून आले आहेत. इंग्रजीतला 'व्हाइट'ही त्याच कुळातला. संस्कृतात जिथे 'श' येतो तिथे स्लाव्ह भाषांत, म्हणजे रशियन आणि तिच्या बहिणींत, बऱ्याचदा 'स' येतो. शत आणि 'स्तो', दश आणि 'देस्यत' या जोड्या पाहा, लगेच लक्षात येईल. अर्थ मात्र वाटेत थोडा सरकला. आपल्याकडे तो पांढरेपणावर थांबला, तिकडे उजेडावर गेला.

'स्वेतलाना हे मूळ संस्कृत नाव आहे' असा एक व्हॉट्सअॅपी फॉरवर्ड मधूनमधून फिरतो. तो खोटा आहे. आजोबा एक असले म्हणून एक नातू दुसऱ्याचा मुलगा होत नाही.

उच्चार कसा करायचा आणि मराठीत कसं लिहायचं?

जोर 'ला'वर. जोर नसलेला 'ए' रशियनमध्ये 'इ'कडे झुकतो, त्यामुळे ऐकताना 'स्वितलाना' वाटतं. 'व'ही आपल्यापेक्षा मऊ असतो, 'स्व्ये'च्या जवळ जाणारा. पण लिहिताना एवढी कसरत करू नये. मराठी वर्तमानपत्रांत 'स्वेतलाना' रुळलं आहे, तेच ठेवावं. काही जण 'स्वेत्लाना' असा त पाय मोडून लिहितात. तेही चूक नाही, फक्त डोळ्याला अडखळतं.

हे नाव प्राचीन स्लाव्ह आहे ना?

नाही. या पानावरचं माझं सर्वांत आवडतं उत्तर हेच. बाळांच्या नावांच्या बहुतेक याद्यांत 'प्राचीन स्लाव्ह नाव' असं बिनदिक्कत छापलेलं असतं. नाव तसं वाटतं खरं, पण ते अवघं दोनशे वर्षांचं आहे आणि एका कवीच्या टेबलावर जन्माला आलं आहे.

कवीचं नाव अलेक्सांद्र वोस्तोकोव्ह. १८०२ साली त्याने 'स्वेतलाना आणि म्स्तिस्लाव्ह' ही वीरकथा पद्यात लिहिली. त्या काळात रशियन लेखकांना ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या आपल्या जुन्या भूतकाळाची ओढ लागली होती. पण त्या भूतकाळातल्या मुलींची नावं फारशी शिल्लक नव्हती. ख्रिस्ती धर्माबरोबर आलेल्या ग्रीक, लॅटिन, हिब्रू नावांनी त्यांची जागा घेतली होती. येलेना, अन्ना, मारिया, येकातेरिना, यांतलं एकही मूळचं रशियन नाही. मग जुन्या काळातली नायिका रंगवायची तर तिला हाक काय मारायची? वोस्तोकोव्हने 'स्वेतली'ला एक गोड शेपूट लावलं आणि नाव तयार केलं.

हा वोस्तोकोव्ह स्वतः कोण? तो जन्माला आला बाल्टिक समुद्रातल्या सारेमा बेटावर, जर्मन बोलणाऱ्या जगात, आणि त्याचं मूळ आडनाव होतं ओस्टेनेक. जर्मनमध्ये 'ओस्ट' म्हणजे पूर्व, रशियनमध्ये पूर्व म्हणजे 'वोस्तोक'. त्याने आडनावाचं सरळ भाषांतर केलं आणि वोस्तोकोव्ह झाला. पुढे तो मोठा भाषाशास्त्रज्ञ झाला. अकराव्या शतकातलं ओस्त्रोमीर गॉस्पेल हे हस्तलिखित त्यानेच संपादून १८४३ मध्ये छापलं. थोडक्यात, स्वतःचं रशियन नाव स्वतः बनवणाऱ्या माणसाने रशियातल्या लाखो मुलींचं 'अस्सल' नाव बनवलं. भेसळ म्हणा, कारागिरी म्हणा. मी कारागिरी म्हणते.

मग ते घराघरांत कसं पोचलं?

वोस्तोकोव्हच्या काव्याने नव्हे. ते पोचवलं वासिली झुकोव्स्की या दुसऱ्या कवीने. त्याची 'स्वेतलाना' ही बालाद, म्हणजे कथाकाव्य, १८१३ साली छापून आली आणि सगळ्या सुशिक्षित रशियाने ती डोक्यावर घेतली.

कथा घडते एपिफनी या ख्रिस्ती सणाच्या आदल्या रात्री. कडाक्याचा हिवाळा. त्या रात्री मुली भविष्य बघतात, आणि बघायच्या पद्धती झुकोव्स्कीने अगदी हौसेने दिल्या आहेत. पायातला बूट काढून फाटकाबाहेर भिरकावायचा. खिडकीखाली कान लावून बसायचं. कोंबडीला मोजून दाणे घालायचे. मेण वितळवून पाण्यात ओतायचं. स्वच्छ पाण्याच्या भांड्यात अंगठी आणि कानातली टाकायची, वर पांढरं फडकं घालायचं आणि सगळ्यांनी मिळून गाणी म्हणायची.

मैत्रिणींच्या या गडबडीत स्वेतलाना मात्र गप्प. तिचा प्रियकर वर्षभर परगावी आहे आणि पत्राचा पत्ता नाही. मध्यरात्री ती एकटी खोलीत बसते. टेबलावर पांढरं कापड, त्यावर आरसा, आरशापुढे मेणबत्ती आणि जेवणाची दोन पानं मांडलेली. एक तिचं, दुसरं येणाऱ्याचं. या खोलीसाठी झुकोव्स्कीने वापरलेला शब्दही 'स्वेत'च्याच घरातला आहे. 'स्वेतलित्सा' म्हणजे घरातली उजेडाची खोली.

तो येतो. तिला बर्फगाडीत बसवतो. घोडे उधळतात, वाटेत एक देऊळ लागतं, आत शवपेटी ठेवलेली. मग सगळं नाहीसं होतं आणि बर्फात एक झोपडी उरते. झोपडीत पांढऱ्या कापडाखाली एक प्रेत, आणि ते हलू लागतं. पांढरं कबुतर पंख पसरून तिला आड घेतं. प्रेताचा चेहरा बघते तर तिचाच प्रियकर. आणि तिला जाग येते. कोंबडा आरवतो, बाहेर उजाडलेलं, रस्त्यावर घुंगरांचा आवाज, आणि प्रियकर जिवंत, धडधाकट, दारात उभा.

मूळ कल्पना जर्मन कवी ब्युर्गरच्या 'लेनोरे'ची. तिथे मुलगी मरते. झुकोव्स्कीने आधी 'ल्युद्मिला' नावाने एक रूपांतर केलं होतं, त्यातही मुलगी मरते. दुसऱ्या खेपेला मात्र त्याने तिला वाचवलं आणि तिला उजेडाचं नाव दिलं. मला वाटतं, वाचकांना ते नाव आवडायला हेच कारण पुरेसं होतं. रात्रभर भीती आणि सकाळी लख्ख ऊन, असा त्या नावाचा स्वभावच झाला. मृत्यू झालेल्या नायिकेचं नाव आईबाप इतक्या सहज उचलत नाहीत.

पुश्किनने 'येव्गेनी ओनेगिन' या आपल्या पद्यकादंबरीच्या पाचव्या प्रकरणाच्या माथ्यावर याच बालादेतल्या ओळी दिल्या आणि आपल्या उदास, अबोल नायिकेला, तात्यानाला, स्वेतलानाची उपमा दिली. ज्याने झुकोव्स्की वाचला नव्हता त्याच्यापर्यंतही नाव मग पोचलं.

झुकोव्स्कीलाच मित्र 'स्वेतलाना' म्हणायचे, खरं का?

खरं. १८१५ मध्ये सुरू झालेल्या 'अर्झामास' या थट्टेखोर साहित्यमंडळात प्रत्येकाला झुकोव्स्कीच्या बालादांतून टोपणनाव मिळायचं. तरुण पुश्किन 'रातकिडा' झाला, आणि चांगला उंचापुरा झुकोव्स्की 'स्वेतलाना'. सभेच्या इतिवृत्तात तो तसाच येतो.

मग लगेच मुलींची नावं स्वेतलाना का झाली नाहीत?

कारण नाव आईबाप ठेवत नव्हते, चर्च ठेवत होतं. क्रांतीपूर्वीच्या रशियात जन्माची नोंद म्हणजे बाप्तिस्म्याची नोंद, आणि बाप्तिस्मा फक्त संतांच्या यादीतल्या नावाने व्हायचा. स्वेतलाना नावाची संतच नव्हती. कवितेतल्या मुलीला पाद्री कसा मान्य करणार?

इथे एक विसंगती आहे, आणि ती मला नेहमी खटकते. वेरा, नादेझ्दा आणि ल्युबोव्ह, म्हणजे श्रद्धा, आशा आणि प्रेम, ही तीन नावं यादीत होती. ती तीन संत बहिणींच्या ग्रीक नावांची सरळ रशियन भाषांतरं आहेत. उजेडावरून ग्रीक नाव असलेली संतही यादीत होती, फोतिना. 'फोटो' या आपल्या रोजच्या शब्दात जो ग्रीक उजेड आहे, तोच तिच्या नावात. पण तिचं भाषांतर कुणी केलं नाही, ती ग्रीकच राहिली. श्रद्धेचं चाललं, आशेचं चाललं, उजेडाचं चाललं नाही.

म्हणून एकोणिसाव्या शतकात स्वेतलाना राहिली ती कवितेत, आणि कुणाकुणाच्या घरात लाडाचं नाव म्हणून. झुकोव्स्कीने ती बालाद आपल्या भाचीला, अलेक्सांद्रा प्रोतासोवाला, लग्नाची भेट म्हणून अर्पण केली. पुढे साहित्यवर्तुळात तिलाच सगळे स्वेतलाना म्हणत. चर्चच्या वहीत मात्र ती अलेक्सांद्राच.

माणसांना मिळालं नाही ते नाव जहाजांना मिळालं, असं ऐकलंय.

बरोबर ऐकलंय. जहाजाचा बाप्तिस्मा पाद्र्याच्या यादीतून होत नाही! १८५८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोत बांधलेल्या एका रशियन युद्धनौकेचं नाव 'स्वेतलाना' होतं. १८७३ मध्ये ती व्लादिवोस्तोकला गेली, आणि तिथल्या मुख्य रस्त्याला तिच्यावरून 'स्वेतलान्स्काया' नाव पडलं. सोव्हिएत काळात त्या रस्त्यावर लेनिनची पाटी लागली, १९९२ मध्ये पुन्हा जुनी आली. या नावाची दुसरी नौका, एक क्रूझर, १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईत बुडाली.

१९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एका कारखान्यात विजेचे दिवे बनू लागले, त्यांचीही छाप 'स्वेतलाना'. या छापाची फोड रशियन मंडळी 'स्वेत-ला-ना' अशी करतात: स्वेतोवाया लाम्पा नाकालिवानिया, म्हणजे तापून उजळणारा दिवा. पुढे हा कारखाना रेडिओच्या व्हॉल्व्हसाठी नावाजला. पंख फुटलेलं 'स' अक्षर असलेले त्याचे व्हॉल्व्ह गिटारच्या अॅम्प्लिफायरवाल्यांना आजही माहीत असतात.

क्रांतीनंतर काय बदललं?

नोंदवही पाद्र्याकडून सरकारी कारकुनाकडे गेली. १९१७-१८ च्या फर्मानांनी जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदी नागरी केल्या, आणि आईबापांना पहिल्यांदाच हवं ते नाव ठेवता येऊ लागलं.

मग काय विचारता! ओक्त्याब्रिना (ऑक्टोबर क्रांतीवरून), व्लादलेना (व्लादिमीर लेनिनवरून), निनेल (लेनिन उलटं वाचा). कामगारांच्या क्लबात लाल झेंड्याखाली बारसं होऊ लागलं. पण 'ओक्त्याब्रिना, जेवायला ये' अशी हाक रोज मारायची म्हणजे कठीणच. ज्यांना चर्चचं नाव नको होतं आणि घोषणाही नको होती, त्यांना स्वेतलाना आयती सापडली. नाव नवं होतं, कारण आजवर कुणी ठेवलेलं नव्हतं. जुनंही वाटत होतं, कारण सगळ्यांनी शाळेत ते वाचलेलं होतं. शिवाय त्यात उजेड होता, आणि तो काळ गावोगावी वीज नेण्याच्या घोषणांचा. क्रांतीच्या पोराबाळांच्या नावांपैकी बहुतेक चार दिवसांत विटली, ही टिकली.

स्टालिनच्या मुलीमुळे नाव लोकप्रिय झालं का?

हे उत्तर इतकं सर्रास दिलं जातं की मीही काही वर्षं तेच देत होते. पूर्ण चूक नाही, पण तारखा बघा. स्टालिनची मुलगी स्वेतलाना जन्मली २८ फेब्रुवारी १९२६ रोजी. सोव्हिएत नेता बुखारिनची मुलगी स्वेतलाना त्याआधी, १९२४ ची. दुसरा नेता मोलोतोव्ह, त्याची मुलगी स्वेतलाना १९२९ ची. म्हणजे क्रेमलिनच्या अंगणात एकाच वेळी तीन-तीन स्वेतलाना बागडत होत्या. स्टालिनने फॅशन सुरू केली असं म्हणण्यापेक्षा तो फॅशनमागून गेला, असंच म्हणावं लागेल. पुढे त्याच्या घरातल्या नावाला आपोआप वजन आलं, हे खरं. १९३६ मध्ये अर्कादी गायदारच्या गाजलेल्या 'निळा कप' या मुलांच्या गोष्टीतही साडेसहा वर्षांची मुलगी स्वेतलानाच आहे. तोवर ते कुठल्याही साध्या घरातलं नाव झालेलं होतं.

स्टालिन मुलीला 'सेतान्का' म्हणायचा, तिच्या स्वतःच्या बोबड्या उच्चारावरून. घरची 'मालकीणबाई' तीच, असा त्यांचा खेळ होता. ती चिठ्ठीवर हुकूम लिहायची, मला सिनेमाला घेऊन जा वगैरे, आणि तो खाली 'हुकूम शिरसावंद्य' अशा थाटात मालकीणबाईंचा क्षुद्र सेक्रेटरी म्हणून सही करायचा. त्याच वर्षांत त्याच्या दुसऱ्या सह्यांनी काय होत होतं हे ठाऊक असलं की त्या चिठ्ठ्या वाचताना अंगावर काटा येतो.

हीच स्वेतलाना भारतात आली होती ना?

हो. मॉस्कोत तिचं भारतीय कम्युनिस्ट ब्रजेश सिंह यांच्याशी सूत जुळलं. ते उत्तर प्रदेशातल्या कालाकांकरच्या राजघराण्यातले. सोव्हिएत सरकारने त्यांना लग्नाची परवानगी दिली नाही. १९६६ च्या ऑक्टोबरअखेर ब्रजेश सिंह वारले, आणि अस्थी गंगेत सोडण्यासाठी डिसेंबरमध्ये स्वेतलाना भारतात आली. काही आठवडे कालाकांकरला गंगेकाठी राहिली. तिला इथेच राहायचं होतं, पण मॉस्कोला दुखवायची दिल्लीची तयारी नव्हती. ६ मार्च १९६७ रोजी संध्याकाळी ती दिल्लीतल्या अमेरिकी वकिलातीत शिरली आणि आश्रय मागितला. जगभर मथळे झाले.

नावाच्या दृष्टीने तिची गोष्ट विलक्षण आहे. वडील वारल्यावर तिने त्यांचं आडनाव टाकून आईचं, अलिलुयेवा, घेतलं. (आईचं नाव नादेझ्दा, म्हणजे आशा.) अमेरिकेत विल्यम वेस्ली पीटर्स या वास्तुविशारदाशी लग्न केल्यावर ती 'लाना पीटर्स' झाली. २०११ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये गेली ती लाना म्हणूनच. उजेडाचा 'स्वेत' गेला, शेपूट तेवढं राहिलं.

सगळ्यात लोकप्रिय केव्हा होतं? आज आहे का?

चढण १९३० च्या दशकात सुरू झाली आणि युद्धानंतर ते नाव अगदी वर आलं. १९६० आणि ७० च्या दशकांत येलेना, नताल्या, ओल्गा, इरिना, तात्याना यांच्याबरोबर स्वेतलाना हे शहरी वर्गखोलीतलं हमखास नाव होतं. एका वर्गात दोन-तीन स्वेता, म्हणून मास्तरांना आडनावाने हाक मारावी लागायची. १९८० नंतर उतार लागला.

आज मॉस्कोतल्या प्रसूतिगृहात सोफिया, मारिया, अन्ना, अलिसा, वासिलिसा, येवा ऐकू येतात, स्वेतलाना क्वचित. आपल्याकडे संगीता, सुनीता, वैशाली, मनीषा ही नावं ऐकली की वयाचा अंदाज येतो ना, तसंच. स्वेतलाना म्हटलं की रशियन माणसाच्या डोळ्यांपुढे शाळेतल्या बाई, हिशेबनीस किंवा पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाई उभ्या राहतात. वर्गातल्या श्वेतांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो.

लाडाने काय म्हणतात?

स्वेता हे नेहमीचं. मग स्वेतोच्का, स्वेतिक, स्वेतुल्या, स्वेतलान्का. 'का' लावलेलं 'स्वेत्का' जपून वापरा. बहिणी-मैत्रिणींत चालतं, परक्याने म्हटलं तर उर्मट वाटतं, आपल्या 'स्वाते'सारखं. जवळून हाक मारताना शेवटचा स्वरच गिळतात: 'स्वेत!' लाना हे रूप परदेशात जास्त चालतं. गोव्यात मोरजी-हरमलकडे रशियन पाट्या आणि रशियन मेनूकार्डं आता नवलाची राहिलेली नाहीत. तिथे कुणी 'लाना' म्हणून ओळख करून दिली तर ती मूळची स्वेतलाना असण्याची शक्यता बरीच.

मग मी ओळखीच्या रशियन बाईंना काय म्हणू?

वयाने मोठ्या असतील, किंवा ओळख कामाची असेल, तर नाव आणि वडिलांचं नाव: स्वेतलाना पेत्रोव्ना, स्वेतलाना इवानोव्ना. यात ताई, बाई, मॅडम सगळं आलं. नुसतं स्वेता म्हणायला त्यांनी आपणहून सांगावं लागतं. शेजारपाजारची मुलं मात्र 'त्योत्या स्वेता' म्हणतात, म्हणजे स्वेतामावशी. सख्खी असण्याची गरज नाही, हे वेगळं सांगायला नको.

वडिलांचं नाव मधे घालायची पद्धत मराठी माणसाला चटकन कळते, पण एका ठिकाणी आपण फसतो. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं होतं. रशियात आडनाव बदलेल, वडिलांचं नाव मरेपर्यंत तेच. स्टालिनच्या मुलीने आडनाव टाकलं तरी रशियन रिवाजात ती शेवटपर्यंत स्वेतलाना इओसिफोव्नाच, म्हणजे इओसिफची मुलगी.

स्वेतलानाचा नामदिन, म्हणजे नावाच्या संताचा दिवस, कधी?

फोतिनाचा असतो तो. चर्चमध्ये आजही बऱ्याच स्वेतलाना फोतिना या नावाने बाप्तिस्मा घेतात, आणि घरी पासपोर्टवर स्वेतलानाच राहतात. येशूने विहिरीवर जिच्याकडे पाणी मागितलं त्या शोमरोनी स्त्रीला परंपरेने फोतिना म्हणतात. तिचा दिवस आपल्या कॅलेंडरप्रमाणे २ एप्रिल.

रशियाबाहेर हे नाव आहे का?

युक्रेनियनमध्ये स्वित्लाना, बेलारूसीत स्व्यात्लाना. सर्बियात आणि बल्गेरियातही चालतं. सर्बियात त्याचं लाडाचं रूप 'त्सेत्सा' होतं, ज्याचा मूळ नावाशी संबंध ओळखू येणं मुश्कील. एक सावधगिरी: सध्याच्या काळात युक्रेनियन बाईंचं नाव त्यांच्या भाषेतल्या उच्चाराने लिहिलं तर त्यांना बरं वाटतं. स्वित्लानाला स्वेतलाना करू नका.

माहितीतल्या स्वेतलाना कोण?

स्वेतलाना अलेक्सिएविच, बेलारूसच्या, रशियनमध्ये लिहिणाऱ्या, २०१५ चं साहित्याचं नोबेल. स्वेतलाना खोर्किना जिम्नॅस्टिक्समधली. स्वेतलाना कुझ्नेत्सोवा टेनिसमधली, २००४ ची अमेरिकन आणि २००९ ची फ्रेंच ओपन विजेती. बेलारूसमध्ये २०२० ची निवडणूक लढवणाऱ्या विरोधी नेत्या तिखानोव्स्काया, त्याही स्वेतलाना.

माझी आवडती मात्र स्वेतलाना सवित्स्काया. व्हालेंतिना तेरेश्कोवानंतर एकोणीस वर्षांनी, १९८२ मध्ये, ती अंतराळात जाणारी दुसरी स्त्री ठरली. १९८४ च्या एप्रिलमध्ये आपले राकेश शर्मा साल्युत-७ या स्थानकावर राहून आले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये त्याच स्थानकातून सवित्स्काया बाहेर पडली. अंतराळात चालणारी पहिली स्त्री. नुसती तरंगली नाही, साडेतीन तासांहून अधिक वेळ बाहेर राहून तिने वेल्डिंग केलं. पहिल्या खेपेला ती स्थानकावर पोचली तेव्हा पुरुष सहकाऱ्यांनी थट्टेने तिच्यापुढे स्वयंपाकाचा एप्रन धरला होता, ही गोष्ट वर्गातल्या मुलींना सांगितल्यावर मग वेल्डिंगचं सांगायचं. क्रम महत्त्वाचा.

पुरुषाचं नाव होतं का यावरून?

'स्वेतलान' व्याकरणाने होऊ शकतं, कानावर पडत नाही. उजेडाचं पुरुषी नाव हवं असेल तर 'स्वेतोझार' आहे, तेही दुर्मीळच.

मराठी घरात मुलीचं नाव स्वेतलाना ठेवावं का?

तान्या, नताशा, सोनिया आपल्याकडे केव्हाच रुळल्या, तेव्हा ठेवायला हरकत काय? अडचण एकच: शाळेच्या हजेरीपटावर पहिल्याच दिवशी कुणीतरी ते 'श्वेतलाना' लिहील. पुढे आधार कार्डावर तसंच येईल, आणि दुरुस्तीसाठी तुम्ही फेऱ्या माराल. माझ्या एका विद्यार्थिनीने मुलीचं नाव शेवटी 'श्वेता'च ठेवलं. घरी हाक मात्र 'स्वेत!'